अमिरातीतील नोकरी सुटल्यावर

आखातात नोकरीस असलेला एखादा भाचा वा पुतण्या आपल्या पुष्कळ घरांत निघेल. 2020 च्या करारानंतर इस्राएलमधूनही तिकडे जाणे सुरू झाले. साहेबाशी बिनसले, की पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत असल्याचे भय माणसास प्रथम ग्रासते. संयुक्त अरब अमिरातीच्या 2021 च्या 33 व्या कायद्याने मालकास कामगाराची अधिकृत कागदपत्रे अडकवून ठेवण्यास, तसेच काम संपताच त्यास देश सोडावयास लावण्यास मनाई केली आहे. हा कायदा 2 फेब्रुवारी 2022 पासून अमलात आला.

मागणी केल्यास अनुभवपत्र विनामूल्य द्यावे लागते. त्यात अब्रूस धक्का देणारा किंवा पुढील नोकरीच्या आड येणारा मजकूर घालता येत नाही. सूड उगविण्याचे हत्यार बहुधा हेच असल्याने मला हे कलम सर्वांत मोलाचे वाटते. मंत्रालयाकडे केलेली गंभीर तक्रार खरी ठरली आणि तिच्यापायीच नोकरी गेली, तर न्यायालय तीन महिन्यांच्या वेतनापर्यंत भरपाई देववू शकते. राहिलेले येणे चौदा दिवसांत चुकते व्हावयास हवे.

पुराव्याकरिता साहेबाचे बोलणे चोरून ध्वनिमुद्रित करण्याचा मोह मात्र आवरावा. संमतीवाचून असे करणे 2021 च्या 34 व्या कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि तक्रारदारच आरोपी होऊन बसतो! त्यापेक्षा नेमणुकीचा करार, वेतनाच्या पावत्या व स्वतःच्या नावे आलेली पत्रे जपून ठेवावीत.

घरकामास गेलेल्या भगिनींना 33 वा कायदा लागू नाही. त्यांच्याकरिता 2022 चा 9 वा कायदा निराळा आहे.