हे ‘बी’ रुजतं तरी कसं?

कावीळ म्हटली की डोळ्यांसमोर येतं गढूळ पाणी आणि रस्त्यावरचा उसाचा रस. पण कावीळ करणारा हिपॅटायटिस बी हा व्हायरस त्या वाटेनं येतच नाही! त्याचा रूट वेगळा : बाधित रक्त, असुरक्षित लैंगिक संबंध आणि बाळंतपणात आईकडून बाळाकडे.

मूर्ती लहान!
माहीत आहे का? हा व्हायरस फक्त 42 नॅनोमीटरचा. एक मिलिमीटर भरायला वीस हजारांहून जास्त व्हायरस रांगेत उभे करावे लागतील! चिवट इतका की शरीराबाहेरही किमान 7 दिवस तग धरतो. म्हणून ब्लेड, टूथब्रश, नेलकटर यांचं शेअरिंग टोटल बंद!

काटा रुते कुणाला?
स्वीडनमध्ये 1957 ते 1963 या काळात नकाशा-होकायंत्र घेऊन रानातून धावणाऱ्या 500हून अधिक खेळाडूंना हीच कावीळ झाली. संशय कुणावर? काटेरी झुडपांनी ओरबाडलेले पाय आणि शर्यतीनंतर सगळ्यांनी मिळून वापरलेलं धुण्याचं पाणी!

बिग बी विरुद्ध बी
1982 मध्ये ‘कुली’च्या शूटिंगमध्ये जखमी झालेल्या अमिताभ बच्चन यांना भरपूर रक्त चढवावं लागलं. त्यातूनच व्हायरस आत शिरला. पत्ता लागला कित्येक वर्षांनी. तोवर 75 टक्के यकृत निकामी झालं होतं, असं ते स्वतःच सांगतात. उरलेल्या 25 टक्क्यांवर त्यांची इनिंग जोरात!

वय लहान, धोका महान
माहीत आहे का? मोठेपणी लागण झाली तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जण त्याला हुसकावून लावतात. तान्ह्या बाळांत मात्र उलटं : शंभरातल्या सुमारे पंचाण्णवांच्या शरीरात तो कायमचा ठाण मांडतो. म्हणून जन्मानंतर 24 तासांच्या आत लसीचा पहिला डोस हवाच. सरकारी रुग्णालयात तो मोफत मिळतो.

हॅपी बर्थडे, डॉक्टर!
28 जुलैलाच जागतिक हिपॅटायटिस दिन का? कारण हा व्हायरस शोधणाऱ्या बारूक ब्लूमबर्ग यांचा तो वाढदिवस. 1976 च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचेही ते एक मानकरी!

मिठीला नो टेन्शन
मिठी, शेकहँड, शिंक, एका ताटातलं जेवण : यातलं काहीही ‘बी’ पेरत नाही. घरात कुणाला हिपॅटायटिस बी असेल, तर बाकीच्यांनी टेस्ट करून लस घ्या. ब्लेड आणि ब्रश तेवढे वेगळे ठेवा. त्या माणसाचं ताट मात्र आपल्याच पंगतीत मांडा!