पेरणी आणि प्रवेश एकाच वेळी

एरंडोल तालुक्यात पहिला पाऊस पडला, की सारे घर कपाशीच्या मागे लागते. नेमके त्याच दिवसांत बारावी झालेल्या मुलाचे प्रवेश-अर्ज भरायचे असतात, आणि तेही ऑनलाइन.

म्हणून कागदपत्रांचे काम अकरावीतच हाती घ्यावे. उत्पन्नाचा दाखला लवकर निघतो. जात पडताळणीला मात्र महिने लागू शकतात.

अभियांत्रिकीच्या अर्जात महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना मुलाला एकट्याला कॅफेत सोडू नका. पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले, तर पुढच्या फेऱ्यांत बदल करता येत नाही. जळगावला रोज एस.टी.ने जायचे, की पुण्याला वसतिगृहात राहायचे, हा हिशेब आधी घरात व्हावा. बापाला संगणक येत नसला, तरी खर्चाचा अंदाज त्यालाच असतो!

मुलीचे शिक्षण खर्चापायी थांबवू नका. आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीय फेरीतून प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. वसतिगृहाचा आणि खाणावळीचा खर्च वेगळा.

क्लासची फी जड जात असेल, तर केंद्र सरकारचे ‘स्वयम’ २०१७ पासून मोबाइलवर आहे. शिकणे फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढे शुल्क पडते.