रनाळ्याच्या पावसाला कोणतें जाकीट ?

पावसाळी कपड्यांविषयीं बोलावयाचें म्हटलें कीं श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें मुंबईचा, कोंकणचा किंवा महाबळेश्वरचा पाऊस उभा राहतो. दुकानदारही त्याच पावसाचें भय दाखवून आपला माल खपवितो. आज मी मुद्दाम एका निराळ्या गांवचा पाऊस उदाहरणादाखल घेणार आहें. नंदुरबार जिल्ह्यांतील रनाळे हें तें गांव. नंदुरबार आणि दोंडाईचें यांच्या दरम्यान, तापीच्या दक्षिणेस, खानदेशच्या मोकळ्या सपाटीवर तें वसलें आहे. त्या सपाटीवर वर्षाकाठीं सहाशें-सातशें मिलिमीटर पाऊस पडला तर साल बरें गेलें म्हणावयाचें. आतां त्याच्या शेजारीं दुसरा एक आंकडा ठेवून पाहा. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. रनाळ्याच्या सबंध वर्षाच्या पावसाहून अधिक पाऊस मुंबईनें एका दिवसांत अंगावर घेतला ! या दोन्ही ठिकाणीं एकच कपडा सारखाच उपयोगी पडेल, हें संभवनीय दिसत नाहीं.

पुणेकर श्रोत्यांनीं मात्र रनाळ्यास परकें समजूं नये. पुणें शहराचा वर्षाचा पाऊस सात-साडेसातशें मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे मुंबईपेक्षां रनाळ्याच्याच जातीचा आहे. असें असूनही पुण्याचा गृहस्थ सायंकाळीं फिरावयास जाण्यासाठीं जाकीट घेतो, तें हिमालयाच्या किंवा स्कॉटलंडच्या डोंगरांसाठीं बेतलेलें असतें. आणि पहिल्याच सरींत तें अंगावर चढवून अर्धा मैल चालला कीं, आंतला सदरा चिंब झालेला पाहून “फसलों, पाणी आंत शिरलें” अशी तक्रार करूं लागतो. बहुधा पाणी आंत शिरलेलें नसतेंच. तें आंतच निर्माण झालेलें असतें.

सगळ्या विषयाचें मर्म येथें आहे, म्हणून थोडें थांबून समजून घेऊं. हवेंतील बाष्पाला स्वतःचा दाब असतो, आणि बाष्प अधिक दाबाकडून कमी दाबाकडे वाहतें. चालून घामेजलेल्या माणसाच्या अंगालगतची हवा ३३ अंश उष्ण व बाष्पानें पूर्ण भरलेली धरली, तर तिच्यांतील बाष्पाचा दाब पाऱ्याच्या सुमारें ३८ मिलिमीटरांइतका येतो. युरोपांतील आठ अंशांच्या गार पावसांत बाहेरचा दाब जेमतेम ७ मिलिमीटर भरतो. म्हणजे आंत-बाहेर ३१ चा फरक. एवढ्या जोरानें घामाची वाफ कापडांतून बाहेर लोटली जाते. आपल्याकडे जुलै महिन्यांत पाऊस चालू असतां हवा सत्तावीस अंशांची व जवळजवळ भरलेलीच असते. तेव्हां बाहेरचा दाब २५ च्या घरांत जातो आणि फरक उरतो अवघा १३. जें कापड तिकडे ‘श्वास घेतें’ म्हणून नांवाजलें जातें, त्याला इकडे निम्म्याहूनही कमी जोर मिळतो. कापडाचा त्यांत कांहीं दोष नाहीं. परंतु त्या गुणासाठीं आपण चौपट किंमत मोजावी कीं नाहीं, हा प्रश्न मात्र रास्त आहे.

ही अडचण नवी नाहीं. १८२३ सालीं चार्ल्स मॅकिन्टॉश यानें, दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या नॅफ्थ्यांत रबर विरघळवून व त्याचा थर दोन कापडांमध्यें दाबून जें जलाभेद्य कापड केलें, त्यानें पाऊस अडला खरा; पण घामही अडला. शिवाय तें उन्हांत चिकट होई आणि थंडींत ताठ. १८३९ त चार्ल्स गुडइयर यास रबर गंधकाबरोबर तापविण्याची युक्ति सांपडली व तो चिकटपणा गेला. घाम तसाच राहिला. आपल्या देशांत सुरेंद्रमोहन बोस यांनीं १९२० मध्यें कलकत्त्यास बेंगॉल वॉटरप्रूफचा धंदा उभारला, आणि त्यांचे ‘डकबॅक’ रेनकोट अनेक घरांतल्या खुंट्यांवर कित्येक वर्षें लोंबत राहिले. बदकाची पाठ कोरडी राहते हें खरें. पण बदकाला घाम येत नाहीं, ही गोष्ट नांव ठेवतांना बाजूस राहिली असावी. पुढें १९६९ त अमेरिकेंत रॉबर्ट गोर यानें टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटका देऊन ताणला आणि अति सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा मिळविला. त्यांतून वाफ जाते, थेंब जात नाहीं. ‘गोअर-टेक्स’ या नांवानें तो जगभर गेला. शोध मोठा आहे, यांत शंका नाहीं. परंतु त्याचें सारें सामर्थ्य मघां सांगितलेल्या दाबाच्या फरकावर अवलंबून आहे.

आपल्या धनगराची घोंगडी या दृष्टीनें पाहिली तर थोडी आदरानेंच पाहावी लागते. लोंकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ शोषून घेते तरी हाताला ओली लागत नाहीं. उलट शोषतांना थोडी ऊबही देते. खोळ करून डोक्यावरून घेतली कीं पुढून सारी मोकळी, म्हणजे वारा खेळता. ती जड आहे, वाळावयास दोन दिवस घेते, आणि बाजाराला जातांना कोणी ती मिरवीत नाहीं, हें सर्व कबूल. आतां शेतांत तिच्या जागीं खताच्या रिकाम्या गोणीची खोळ दिसते. तिला किंमत पडत नाहीं, आणि तीही पुढून मोकळीच असते. शेतकऱ्याच्या या निवडींत जें शहाणपण आहे, तेंच शहरी गृहस्थानें जाकीट घेतांना वापरावें, एवढेंच माझें म्हणणें.

म्हणून दुकानांत गेल्यावर प्रथम झरोके पाहावे. काखेखालीं चेन लावून उघडणारी फट आहे काय ? पाठीवर झडपेखालीं जाळी आहे काय ? पुढची चेन खालूनही उघडते काय ? झरोक्यांतून आंतली हवाच बदलते. वाफेला कापडाच्या छिद्रांची वाट शोधीत बसावें लागत नाहीं. माप नेहमींपेक्षां एक पायरी मोठें घ्यावें. चालतांना सैल जाकीट भात्यासारखें आंत-बाहेर होतें आणि दमट हवा आपोआप बाहेर फेंकतें. आंतून जाळीचें अस्तर असावें. नुसतें लेपाचें कापड उघड्या दंडाला चिकटलें म्हणजे जो किळसवाणा गारठा वाटतो, तो या जाळीनें टळतो.

त्यानंतर शिवण. कापड कितीही चांगलें असो, सुई गेली तेथें भोंक पडलेंच. जाकीट उलटें करून पाहावें : शिवणीवर आंतल्या बाजूनें पारदर्शक पट्टी चिकटविलेली असली पाहिजे, आणि ती खांद्यावर व टोपीवर तर हवीच हवी. स्वस्त मालांत हीच पट्टी गाळून पैसे वांचविलेले असतात. पट्टी नखानें हळूच उचलून पाहावी. नव्या मालांत ती सुटूं लागली असेल तर ठेवून द्यावें. चेनीवर झडप असावी व ती टिचबटनांनीं किंवा वेल्क्रोनें मिटावी. टोपी डोक्याबरोबर वळते कीं नाहीं हें आरशापुढें मान फिरवून पाहावें. मान उजवीकडे वळवितांच डोळ्यापुढें टोपीची आंतली बाजू येत असेल, तर त्या जाकिटानें रस्ता ओलांडणें धोक्याचें आहे. पुढें लहानशी झांप असली म्हणजे चष्म्याच्या कांचा वांचतात. रंग उजळ घ्यावा. पावसांत मोटार हांकणाऱ्यास करडा माणूस दिसत नाहीं.

लेबलावर ‘पाण्याचा स्तंभ’ म्हणून आंकडे छापतात, त्यांचाही अर्थ सांगतों. कापडावर पाण्याची नळी उभी धरली, तर किती मिलिमीटर उंचीपर्यंतचें पाणी तें झिरपूं न देतां पेलतें, तो हा आंकडा. दीड हजार ही जलाभेद्य म्हणविण्याची सामान्यतः मानलेली खालची पायरी आहे. रनाळ्याच्या किंवा पुण्याच्या सरींत घटकाभर हिंडणाऱ्यास दोन ते पांच हजार पुरे. दहा हजार, वीस हजार हे आंकडे पाठीवर जड पिशवी घेऊन दिवसभर डोंगर चढणाऱ्यांसाठीं. कारण पिशवीच्या पट्ट्याखालीं खांद्यावर पाणी दाबलें जातें. आंकड्याची परीक्षा घरीं सहज होते. बाहीचा सपाट भाग द्रोणासारखा धरून त्यांत पेलाभर पाणी ओतावें व अर्ध्या तासानें खालचा कागद ओला झाला कीं काय तें पाहावें. शिवणीवरही हाच प्रयोग करावा.

कापडावर थेंब मोत्यासारखे उभे राहतात, त्यावर मात्र फार भुलूं नये. तें वरच्या एका पातळ द्रव्याचें काम असतें व वापरानें तें झिजतें. त्यासाठीं पूर्वी वापरीत तीं फ्लोरीनयुक्त रसायनें पाण्यामातींत वर्षानुवर्षें नष्ट होत नाहींत, म्हणून अनेक उत्पादक तीं सोडूं लागले आहेत. नव्या द्रव्यांचे मोती थोडे लवकर मोडतात. थेंब पसरूं लागले म्हणजे जाकीट गळूं लागलें असा अर्थ नव्हे. सौम्य साबणानें धुवून, वर सुती फडकें घालून, अगदीं मंद इस्त्री फिरविली कीं तें बरेंचसें ताळ्यावर येतें. कपडे मऊ करणारें द्रव्य त्याला लावूं नये, आणि धुण्याच्या यंत्रांत पिळावयासही टाकूं नये. पाणी बाहेर जाऊं न देणें हा त्याचा धर्मच असल्यामुळें यंत्र भलतेंच हेलकावूं लागतें.

मोटारसायकलवाल्यांची गोष्ट वेगळी. पावसाचा मोठा थेंब सेकंदास सुमारें नऊ मीटर वेगानें पडतो. ताशीं पन्नास किलोमीटरनें जाणारा माणूस सेकंदास चौदा मीटर पुढें सरकत असतो. दोन्ही मिळून थेंब साडेसोळा मीटरांच्या वेगानें अंगावर येतो, आणि वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढणारा त्याचा मारा तिपटीहून अधिक होतो. रनाळ्याहून नंदुरबारास नित्य जाणाऱ्यानें म्हणून झरोक्यांच्या जाकिटाच्या नादीं लागूं नये. त्याला जाड पी.व्ही.सी.चा कोट-पँटचा स्वस्त जोडच योग्य. बसून जाणाऱ्यास घाम थोडा येतो, आणि उतरल्यावर जोड लगेच काढून ठेवतां येतो.

छत्रीचें काय, असें कोणी विचारील. वारा नसेल तर छत्रीइतकें हवेशीर साधन नाहीं, आणि शहरांतल्या गल्लींत मी तिलाच पहिला मान देईन. परंतु खानदेशांत मृगाचा पाऊस वादळ घेऊन येतो. सपाटीवरचा वारा छत्री उलटी करतो, आणि वीज कडाडत असतां उघड्या रानांत लोखंडी दांडीची छत्री उभारणें हें शहाणपणाचें नव्हे. तेथें जाकीट असो वा छत्री, प्रथम पक्कें घर गांठावें.

तोरणमाळास जाणाऱ्यांनीं थोडा निराळा विचार करावा. सातपुड्यांतील हें ठिकाण समुद्रसपाटीपासून अकराशें मीटरांहून उंच आहे. तेथें धुकें व गारवा असतो, आणि ओल्या अंगाला वारा झोंबतो. तरीसुद्धां वर्षांतून एकदोनदां जाणाऱ्यानें त्यासाठीं महाग पापुद्र्याचें जाकीट घेऊं नये. आंत एक पातळ लोंकरी सदरा घातला कीं काम भागतें.

किंमतीविषयीं बोलावयाचें तर आजच्या बाजारांत साध्या पी.व्ही.सी.चा अंगरखा दोन-तीनशें रुपयांत, पॉलिएस्टरवर पॉलियुरेथेनचा लेप दिलेलें व शिवणीला पट्टी असलेलें जाकीट साधारण हजार-दोन हजारांत, आणि पापुद्र्याचें पांच हजारांपासून पुढें मिळतें. माझी शिफारस मधल्याला आहे. नायलॉनपेक्षां पॉलिएस्टर पाणी कमी पितें व लवकर वाळतें, हाही त्याचा एक लाभ.

पण या मधल्या जाकिटाचा एक शत्रु आहे, आणि तो पाऊस नव्हे. पॉलियुरेथेनचा लेप उष्णता व ओल यांच्या संयोगानें हळूहळू विघटन पावतो. आधीं चिकट होतो, मग कोंड्यासारखा सुटूं लागतो. रनाळ्यास पावसाळा चार महिन्यांचा, त्यांतही प्रत्यक्ष पावसाचे दिवस मोजके. उरलेले आठ महिने जाकीट घडी घालून माळ्यावरच्या ट्रंकेंत पडतें, आणि एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पारा बेचाळीस-त्रेचाळिसाला टेकला असतां पत्र्याखालच्या त्या माळ्यावर काय होत असेल, याची कल्पना करावी. अर्धवट ओलें ठेवलेलें जाकीट तेथें दोन उन्हाळेही काढीत नाहीं. मालकाला वाटतें, माल कच्चा होता.

याच कारणास्तव मे महिन्यांत ‘निम्म्या किंमतींत’ मिळणारा मागील सालचा माल घेतांना जपावें. तो कोणत्या गुदामांत तापला आहे, हें दुकानदारालाही ठाऊक नसतें. जाकिटाची आंतली बाजू दोन बोटांत धरून चोळावी. बोटें चिकटली, पांढरा भुगा आला किंवा आंबूस वास आला तर सवलत कितीही मोठी असो, तें घेऊं नये. घरच्या जाकिटालाही हीच परीक्षा मेच्या अखेरीस द्यावी. एकदां विघटन सुरू झाल्यावर त्यावर इलाज नाहीं, आणि तसें कळलें तर पहिल्या सरीपूर्वी दुसरें घेतां येतें. पावसाळा सरला कीं जाकीट धुवावें, सावलींत दोन दिवस पूर्ण वाळवावें, घडी न घालतां हँगरवर टांगावें, आणि तेंही घरांतल्या सर्वांत थंड खोलींत, जमिनीजवळच्या कपाटांत. डांबराच्या गोळ्या मात्र घालूं नयेत. किडीनें खावें असें त्यांत कांहींच नाहीं.