सूर्याची वीज : घरात साठवावी की तारेवर सोडावी?

मुलांनो, समजा संध्याकाळचे सात वाजले आहेत. तुम्ही अभ्यासाला बसला आहात आणि एकाएकी लाईट जाते. सगळ्या गल्लीत अंधार होतो. शेजारच्या एका घरात मात्र पंखा फिरतो आहे, कारण तिथे इन्व्हर्टर आणि बॅटरी आहे. त्याच्या पलीकडच्या घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवलेले आहेत, पण त्या घरातही अंधारच आहे. सूर्य मावळला म्हणून असेल, असे तुम्ही म्हणाल. पण भर दुपारी, लख्ख उन्हात वीज गेली, तरी त्या घरातला पंखा बंद पडतो! असे का होते?

सौर ऊर्जेला तुम्ही विज्ञानाच्या तासाला ‘शम्सी तवानाई’ म्हणता. सौर पॅनेल उन्हापासून वीज तयार करते. ती साठवून ठेवणे हे त्याचे काम नव्हे. तयार झालेली वीज त्याच क्षणी वापरावी लागते. उरली तर तिची सोय दोन प्रकारे करता येते. एक तर ती घरच्या बॅटरीत भरायची, नाहीतर महावितरणच्या तारेवर सोडून द्यायची.

तारेवर सोडण्याच्या पद्धतीत घरी दुहेरी मोजणी करणारा मीटर बसवतात. त्याला नेट मीटर म्हणतात. दुपारी तुमच्या गच्चीवरून जितके युनिट बाहेर गेले, तितके जमा. रात्री तारेवरून जितके घेतले, तितके खर्च. बिल येते ते उरलेल्या फरकाचे. जमा, खर्च, हिशेब, बाकी हे मराठी शब्द तुम्हाला शिकवावे लागत नाहीत, ते तुमच्या घरचेच आहेत! प्रत्यक्षात तुमची दुपारची वीज कुठे साठून राहत नाही. ती शेजारच्या पिठाच्या गिरणीत किंवा दवाखान्यात लगेच वापरली जाते. साठून राहतो तो फक्त हिशेब.

आता दुपारच्या त्या बंद पंख्याकडे वळू. तारेवर वीज नसते, तेव्हा अनेकदा वायरमन खांबावर चढून दुरुस्ती करत असतो. डीपीवरून वीज बंद केली आहे, या भरवशावर तो तारेला हात लावतो. अशा वेळी एखाद्या गच्चीवरून वीज तारेत शिरली, तर त्याचा जीव जाईल. म्हणून तारेला जोडलेला सौर इन्व्हर्टर वीज जाताच आपोआप बंद होतो. त्यामुळे ज्या घरी फक्त नेट मीटर आहे, त्या घराचे बिल कमी होते. पण वीज गेली की ते घरही इतरांबरोबर अंधारात बसते. पॅनेल विकत घेताना पुष्कळांना ही गोष्ट कोणी सांगत नाही.

मग बॅटरीच घ्यावी का? आपल्याकडे बहुतेक घरांत दिसणारी बॅटरी शिशाची असते. १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचा शोध लावला. तिच्यात शिशाच्या पट्ट्या सौम्य सल्फ्युरिक आम्लात, म्हणजे गंधकाच्या तेजाबात, बुडवलेल्या असतात. वीज आत सोडली की पट्ट्यांवर रासायनिक बदल होतो. वीज बाहेर काढली की तोच बदल उलटा होतो.

तिच्यात वीज मावते तरी किती? वही घ्या आणि गणित करा. घरगुती बॅटरी साधारणपणे १२ व्होल्टची आणि १५० अँपिअर-तासांची असते. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-तास. एक हजार वॉट-तासांचा एक युनिट, म्हणजे ही बॅटरी पावणेदोन युनिटांहून किंचित मोठी. पण ती पूर्ण रिकामी केली तर लवकर खराब होते, म्हणून निम्मीच वापरणे बरे. हाती आले ९०० वॉट-तास. ७५ वॉटचे दोन पंखे आणि ९ वॉटचे चार एलईडी दिवे लावले, तर दर तासाला १८६ वॉट-तास लागतात. इन्व्हर्टरमध्येही थोडी वीज वाया जाते. ती सोडून सुमारे चार तास निघतात. एका संध्याकाळच्या अभ्यासाला एवढे पुरे आहे.

पण कोणी म्हणाले, ‘आम्ही तार तोडूनच टाकतो, सगळे सूर्यावर चालवतो,’ तर? एका बेताच्या घराला दिवसाला तीन युनिट लागतात, असे धरू. एक किलोवॉटचे पॅनेल आपल्या भागात चांगल्या दिवशी चार युनिट देते. म्हणजे उन्हाळ्यात अडचण नाही. पण पावसाळ्यात सलग तीन दिवस ढग राहिले, तर नऊ युनिट साठवलेले हवेत. निम्मीच बॅटरी वापरायची, म्हणून अठरा युनिटांच्या बॅटऱ्या हव्यात. म्हणजे वर सांगितलेल्या दहा! त्या ठेवायला एक कोपरा, वेळोवेळी डिस्टिल वॉटर घालण्याची काळजी आणि चार-पाच वर्षांनी पुन्हा सगळा खर्च. लिथियमची बॅटरी अधिक वर्षे टिकते आणि बरीच रिकामी केली तरी चालते, पण सुरुवातीला पैसे जास्त मोजावे लागतात. २०२४ साली सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. ते पॅनेलच्या किलोवॉटवर ठरते, बॅटरीवर नाही.

माझे मत विचाराल, तर नगर, संगमनेर, श्रीरामपूर अशा गावांत, जिथे वीज तासा-दोन तासांसाठीच जाते, तिथे पॅनेल आणि नेट मीटर घ्यावा. दिवे-पंख्यांपुरती एक बॅटरी वेगळी ठेवावी. डोंगरातल्या एखाद्या वस्तीवर, जिथे तार वारंवार तुटते, तिथे हिशेब बदलतो. ज्या घरी आजारी माणसाला यंत्रावर श्वास घ्यावा लागतो, तिथे तर पैशांचा हिशेब करूच नये.

शिशाच्या बॅटरीबद्दल एक सूचना. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून ती हवेशीर जागी ठेवावी आणि जवळ काडी पेटवू नये. जुनी झाली की दुकानदाराला परत द्यावी. भंगारात फोडलेल्या बॅटरीचे शिसे मातीत मिसळते आणि लहान मुलांच्या मेंदूला कायमचा अपाय करते.

आता थोडे घराबाहेर पडू. शेतीच्या पंपाला वीज पाळीपाळीने मिळत आली आहे, आणि पाळी रात्रीची असली की शेतकऱ्याला उसात बॅटरी, म्हणजे हातातला टॉर्च बरे का, घेऊन जावे लागते. आपल्या जिल्ह्यात उसात बिबट्या दबा धरून बसतो. म्हणून २०१७ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. तिच्या पहिल्या प्रकल्पांसाठी निवडलेल्या गावांपैकी एक होते पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी. शेताच्या फिडरला दिवसा सूर्याची वीज द्यायची, ही कल्पना. इथे बॅटरीची गरज नाही. दुपारी पंप चालवून शेततळे किंवा टाकी भरली, की साठवण झालीच!

पाण्यात वीज साठवण्याची हीच युक्ती फार मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल, तर भंडारदऱ्याच्या पुढे अकोले तालुक्यातल्या घाटघरला जा. २००८ साली सुरू झालेल्या या प्रकल्पात दोन धरणे आहेत. एक सह्याद्रीच्या माथ्यावर आपल्या जिल्ह्यात, दुसरे सुमारे चारशे मीटर खाली, ठाणे जिल्ह्यात चोंढे गावाजवळ. मधे डोंगराच्या पोटात वीजघर आहे. विजेला मागणी कमी असते तेव्हा खालचे पाणी पंपाने वर चढवतात. संध्याकाळी घराघरांत दिवे लागले, की तेच पाणी खाली सोडतात आणि १२५ मेगावॉटचे दोन संच फिरू लागतात. अशा प्रकल्पांत चार युनिट खर्च करून साधारण तीनच परत मिळतात. तरीही तो तोटा पत्करतात, कारण दुपारी दोनच्या युनिटापेक्षा संध्याकाळी सातच्या युनिटाची गरज कितीतरी मोठी असते.