खेळ, पदवी आणि परवाना

मुलाने खेळ धरावा की शिक्षण, हा प्रश्न कवठे येमाईच्या पालकांनाही आता पडू लागला आहे. मुंबईचा गोलंदाज सौरभ नेत्रावळकर याची हकीकत यासंबंधी विचार करण्याजोगी आहे. २०१० साली तो भारताच्या १९ वर्षांखालील संघातून विश्वचषक खेळला. २०१३ साली मुंबईकडून रणजी सामनाही खेळला. पण संघात जागा पक्की होईना. तेव्हा २०१५ साली संगणकशास्त्र शिकावयास तो अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेला.

तेथे परदेशी विद्यार्थ्यास सत्र चालू असता विद्यापीठाच्या आवारात आठवड्यास २० तासांपर्यंतच काम करता येते. एवढ्यात कॉलेजच्या संघाला खेळ शिकवून थोडे पैसे मिळवता येतील. परंतु पदवीनंतर विद्यार्थी-परवान्यावर नोकरी करावयाची, तर ती शिकलेल्या विषयातलीच लागते. संगणकाची पदवी घेऊन खेळाचा प्रशिक्षक म्हणून तेथे राहता येत नाही. आणि ही गोष्ट, माझ्या मते, प्रवेश घेण्यापूर्वीच समजून घ्यावयास हवी.

सौरभने ओरॅकल कंपनीत नोकरी धरली, पण चेंडू सोडला नाही. ६ जून २०२४ रोजी डॅलसजवळ पाकिस्तानविरुद्धचे निर्णायक जादा षटक त्यानेच टाकले आणि अमेरिका जिंकली. त्या स्पर्धेत सामना संपल्यावर हॉटेलात बसून तो कंपनीचे काम करीत असे, असे त्याच्या घरच्यांनी सांगितले.