चांद्याची गोंड समाधी आणि घुमटाची परंपरा

मुलचेरा तालुका आज गडचिरोली जिल्ह्यात मोडतो. १९८२ पूर्वी हा सारा वनप्रदेश चंद्रपूर जिल्ह्याचाच भाग होता. चंद्रपूर, म्हणजे जुने चांदा, ही गोंड राजांची राजधानी. तेथे अचलेश्वर मंदिराजवळ राणी हिराईने पती बीरशाह याची समाधी बांधविली. तिच्या कमानी व घुमट पाहून ती एखाद्या मुसलमान सरदाराची कबर असावी, असा समज प्रथमदर्शनी होतो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

वैनगंगेकाठी मार्कंडा येथील मंदिरांत खांबांवर आडव्या तुळया टाकून छत पेलले आहे. दगडी तुळई वाकविणारा ताण फारसा सोसत नाही. म्हणून दोन खांबांतील अंतर मर्यादित राहते. कमानीत पाचरीसारखे घडविलेले दगड परस्परांस दाबून धरतात व भार बाजूच्या जाड भिंतींकडे जातो. त्यामुळे मधली जागा मोकळी सुटते. ही पद्धती सुलतानी व मोगल अमदानीत दक्षिणेत रुळली.

१६६७ मध्ये दिलेरखानाने चांद्यावर खंडणी बसविली. पुढे देवगडच्या बख्त बुलंदाने इस्लाम स्वीकारला. चांद्याच्या घराण्याने स्वीकारला नाही. तरीही बीरशाहाच्या समाधीवर घुमट आला. नगराच्या तटाच्या दरवाजांनाही कमानी आहेत. परंतु त्यांवर हत्तीस नमविणाऱ्या सिंहाचे गोंड राजचिन्ह कोरलेले आहे.

तात्पर्य, बांधकामाची रीत हा धर्माचा पुरावा नव्हे. वास्तू कोणी व कोणासाठी उभारली, हे आधी पाहिले पाहिजे.