कॉफीच्या कपामागची करामत

कॉफी करायची म्हणजे काय करायचं, सांगा बघू? बिया भाजायच्या, दळायच्या, पुडीवर गरम पाणी ओतायचं, पाण्यात चव उतरली की गाळून घ्यायचं आणि चोथा टाकून द्यायचा. बस्स, झाली कॉफी! मग एवढ्याशा कामासाठी जगभरातली हुशार माणसं शंभराहून जास्त वर्षं नवनवी यंत्रं का बनवत असतील? कुणी कॉफीचं यंत्र थेट अवकाशात पाठवलं. कुणी कॉफीच्या पुडीचा अभ्यास करायला ज्वालामुखीच्या अभ्यासकांना हाताशी घेतलं. कॉफीवर कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाचा मारा करणारेही आहेत!

या सगळ्या यंत्रांच्या गोष्टी वाचताना मला एक फार आवडलं. प्रत्येकाच्या मुळाशी एक छोटीशी कटकट आहे. रोजचीच, सगळ्यांना होणारी. बाकीच्यांनी ती चालवून घेतली आणि एखाद्यानं मात्र मनावर घेतली.

पहिली गोष्ट आहे मेलिटा बेंट्झ या बाईंची. त्या जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात राहायच्या. त्यांच्या काळी कॉफी कापडातून गाळत, नाहीतर चोथ्यासकट कपात ओतत. कापड धुता धुता जीव जायचा आणि चोथा दातांत यायचा. वर कॉफी कडू ती कडूच! मेलिटाबाईंचा मुलगा विली तेव्हा शाळेत जायचा. शाईनं लिहायचे दिवस होते ते, म्हणून मुलांच्या वह्यांत ओली शाई टिपायला टीपकागद असायचा. बाईंनी एक पितळी भांडं घेतलं, खिळा ठोकून त्याच्या बुडाला भोकं पाडली, विलीच्या वहीतला टीपकागद कापून आत बसवला, वर कॉफीची पूड घातली आणि गरम पाणी ओतलं. खाली आली ती स्वच्छ, चोथ्याचा कणही नसलेली कॉफी!

हे 1908 साल. त्याच वर्षी त्यांनी आपल्या गाळणीची सरकारदरबारी नोंद केली आणि घरातच कंपनी थाटली. भांडवल किती, तर 73 फेनिग. शंभर फेनिगांचा एक मार्क व्हायचा, म्हणजे पुरता एक मार्कसुद्धा नाही. मुलं हातगाडीवरून माल पोचवायची. ती कंपनी आजही आहे आणि बाईंच्याच नावानं चालते.

आता तो कागद जरा डोळ्यांजवळ धरा. कागद म्हणजे झाडाच्या बारीक तंतूंची दाट जाळी. तिच्यातल्या फटी इतक्या लहान असतात की पाणी आणि त्यात विरघळलेली चव खाली उतरते, पण पुडीचे बारीक कण अडकतात. कॉफीच्या बीमध्ये थोडं तेल असतं, तेही बरंचसं कागदच धरून ठेवतो. मुंबईत माटुंग्याच्या उडुपी हॉटेलांत स्टीलच्या पेल्यात फिल्टर कॉफी मिळते ना, ती करायच्या भांड्यात कागद नसतो, नुसती भोकांची स्टीलची चकती असते. तेल तिच्यातून आरामात खाली येतं, म्हणून ती कॉफी दाट लागते. दोन्हीकडे पाणी आपल्याच वजनानं खाली उतरतं. मोठा फरक भोकांचा, आणि चव केवढी बदलते!

पुढची कटकट इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातली. 1991 साली तिथल्या संगणक प्रयोगशाळेत सगळ्यांसाठी मिळून कॉफीचं एकच भांडं होतं. काही शास्त्रज्ञ वेगळ्या मजल्यांवर बसायचे. जिने चढून-उतरून भांड्यापाशी पोचावं, तर भांडं रिकामं! मग क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्झ्की या दोघांनी भांड्यावर एक कॅमेरा रोखला आणि त्याची तार संगणकाला जोडली. दर मिनिटाला दोन-तीन चित्रं यायची, तीही राखाडी रंगाची आणि टपाल तिकिटाएवढी. पण भांडं भरलंय की रिकामं, एवढं कळायला ती भरपूर होती.

1993 मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच चित्र इंटरनेटवर टाकलं आणि जगभरातून लोक केंब्रिजच्या त्या भांड्यात डोकावायला लागले. जगातला पहिला वेबकॅम तो हाच. आज तुम्ही आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल लावता, त्याचा पणजोबा कॉफीच्या भांड्याकडे टक लावून बसलेला होता! 2001 मध्ये तो बंद झाला, तेव्हा ते भांडं लिलावात निघालं. बातम्या देणाऱ्या एका जर्मन संकेतस्थळानं त्याला 3,350 पौंड मोजले.

आता अमेरिकेतल्या अ‍ॅलन अ‍ॅडलर या इंजिनियरची ओळख करून घ्या. हाताने फेकायची उडती रिंग त्यांनीच बनवली. 2003 साली त्यांची ही रिंग एका फेकीत 406 मीटर गेली, तो विक्रम ठरला. त्यांची कटकट अशी की एकट्यासाठी एक कप चांगली कॉफी काही होईना. मोठ्या यंत्रात एकच कप करायला गेलं की ती बिघडते, आणि पाणी पुडीत फार वेळ राहिलं की कडवटपणा उतरतो. म्हणून त्यांनी हवेच्या दाबाची मदत घेतली. 2005 मध्ये बाजारात आलेली त्यांची ‘एरोप्रेस’ म्हणजे जणू होळीची जाडजूड पिचकारीच. नळीच्या तोंडाशी गाळण कागद, आत पूड आणि पाणी. वरून दट्ट्या दाबला की दट्ट्या आणि पाणी यांच्यामधली हवा दाबली जाते आणि ती पाण्याला कागदातून खाली ढकलते. काम जेमतेम मिनिटभराचं. पाणीसुद्धा उकळतं नको, 80 अंशांच्या आसपासचं पुरे, असं अ‍ॅडलर सांगतात. इतक्या साध्या प्लास्टिकच्या नळीने कॉफी करायच्या आता जागतिक स्पर्धा होतात.

अवकाशातली कटकट मात्र फारच वेगळी. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकात वजन जाणवतच नाही. कप तिरका केला तरी कॉफी तोंडात येत नाही, आणि कप हलवला तर तिचा गोळा हवेत तरंगायला लागतो. म्हणून अवकाशवीर सगळी पेयं पिशवीतून नळीनं ओढून पितात. पण नळीतून पिताना वास कसा येणार? आणि वासाशिवाय कॉफी म्हणजे नुसतं कडू पाणी!

2008 मध्ये डॉन पेटिट हे अवकाशवीर स्थानकात होते. त्यांनी हाताशी असलेला प्लास्टिकचा पातळ कागद दुमडला, चिकटपट्टीनं जोडला आणि चक्क कप बनवला. वरून पाहिलं तर हा कप एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला टोकदार. सगळी युक्ती त्या टोकात. टोकाशी दोन भिंती एकमेकींच्या अगदी जवळ येतात. अशा अरुंद फटीत पाणी भिंतींना चिकटून आपोआप पुढे सरकतं. याला केशाकर्षण म्हणतात. टिश्यू कागदाचं टोक पाण्यात बुडवलं की पाणी वर चढतं ना, तेच हे. जमिनीवर वजन पाण्याला खाली ओढतं, म्हणून ते थोडंसं चढून थांबतं. अवकाशात ओढणारं वजनच जाणवत नाही, तेव्हा कॉफी टोकाच्या कोपऱ्यातून थेट कपाच्या काठापर्यंत येते. ओठ लावायचे की घोट तयार! आणि नाक कपावर असल्यामुळे वासही मिळतो.

मग राहिलं काय, तर ताजी कॉफी. 2015 मध्ये इटलीच्या मंडळींनी ‘आयएसएसप्रेसो’ नावाचं यंत्र स्थानकात पाठवलं. बंद डब्यात गरम पाणी जोरानं दाबायचं, तेही अवकाशात! नळी फुटली तर उकळत्या पाण्याचे गोळे सगळीकडे उडतील. म्हणून त्यात प्लास्टिकऐवजी पोलादी नळी बसवली. आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या चारशे पटींहून जास्त दाब सोसेल, इतकी ती दणकट होती. 3 मे 2015 रोजी इटलीच्या अवकाशवीर सामंथा क्रिस्तोफोरेत्ती यांनी अवकाशातली पहिली एस्प्रेसो, म्हणजे दाबानं काढलेली दाट कॉफी, प्यायली. त्याच मोहिमेत पेटिट यांच्या कपाची सुधारलेली रूपंही वापरून पाहिली गेली.

पण माझी सगळ्यात आवडती गोष्ट अवकाशातली नाही, ग्राइंडरमधली आहे.

कॉफीच्या बिया यंत्रात दळल्या की पूड गुपचूप डब्यात पडत नाही. ती यंत्राच्या तोंडाला चिकटते, डब्याच्या भिंतींवर चढते, ओट्यावर उडते. हा स्थिर विजेचा प्रताप. कोरड्या केसांतून प्लास्टिकचा कंगवा फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ नेलात की कपटे उडी मारतात, तीच ही वीज. दळताना बिया एकमेकींवर आणि यंत्राच्या पात्यांवर घासतात, शिवाय फुटतात. घासण्यानं आणि फुटण्यानं, दोन्हींमुळे कणांवर विद्युतभार येतो. हवा कोरडी असेल तर तो टिकून राहतो. म्हणून नागपूरच्या थंडीत कंगव्याचा प्रयोग झकास जमतो आणि कोकणातल्या पावसाळ्यात फसतो.

भारित कणांचे गठ्ठे होतात, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. एस्प्रेसोच्या यंत्रात घट्ट दाबलेल्या पुडीतून पाणी हवेच्या साधारण नऊ पट दाबानं घुसवतात आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास सगळा खेळ आटोपतो. पुडीत गठ्ठे असले की पाणी गठ्ठ्यांच्या मधल्या सोप्या वाटेनं निसटतं. काही पुडीतून भरमसाट पाणी जातं, तर काही पूड जवळजवळ कोरडीच राहते. म्हणून हौशी मंडळी बुचात बारीक सुया टोचून बनवलेलं एक हत्यार वापरतात आणि पूड दाबण्याआधी तिच्यात सुया गोल गोल फिरवून गठ्ठे मोडतात. काही जण तर दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा फवारा मारायचे. याने पूड उडत नाही, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

ते का घडतं, याचा छडा अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर हेंडन यांनी लावायचं ठरवलं. त्यांना साथ मिळाली ज्वालामुखीच्या अभ्यासकांची. ज्वालामुखी फुटतो तेव्हा राखेच्या ढगात विजा कडाडतात, पाहिलंय कधी चित्रात? खडकांचे कण तिथेही घासतात आणि फुटतात, आणि त्यांच्यावर विद्युतभार साचतो. म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत आणि स्वयंपाकघरातल्या ग्राइंडरमध्ये एकच गोष्ट घडत असते! 2023 च्या डिसेंबरमध्ये त्यांचं संशोधन छापून आलं. बी जितकी जास्त भाजलेली आणि आतून कोरडी, तितका पुडीवर ऋण, म्हणजे उणे, विद्युतभार जास्त. आणि दळण्याआधी थोडं पाणी शिंपडलं की भार घटतो, गठ्ठे कमी होतात आणि तेवढ्याच पुडीतून जास्त दाट कॉफी मिळते. एका फवाऱ्याच्या बाटलीचं काम! मला तर वाटतं, कॉफीच्या दुनियेतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हुशार उपकरण हेच.

गार कॉफीवाल्यांची कटकट वेळेची. थंड पाण्यात चव उतरायला 12 ते 24 तास लागतात. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2024 मध्ये पूड ठेवायच्या भांड्यालाच श्राव्यातीत ध्वनीनं कंप दिला. आपल्याला सेकंदाला साधारण 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, हा त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे पाण्यात बारीक बुडबुडे तयार होतात आणि पुडीच्या कणांजवळ फुटतात. फुटताना कणांना खड्डे पाडतात आणि चव झपाट्यानं बाहेर येते. तीन मिनिटांच्या आत गार कॉफी तयार!

आणि आता बिनयंत्राची गंमत. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांना पाहायचं होतं की किटलीतून पाणी ओतताना पुडीच्या आत काय घडतं. पण कॉफी पडली काळी, आतलं दिसणार कसं? त्यांनी पुडीऐवजी पारदर्शक कण घेतले, त्यांवर लेझरचा प्रकाश टाकला आणि अतिवेगवान कॅमेऱ्यानं चित्रण केलं. 2025 मध्ये त्यांनी ते जगाला दाखवलं. उंचावरून पडणारी अखंड धार पुडीत खोल खड्डा पाडते. मग खड्ड्याच्या कडा ढासळतात, कण वर उसळतात, पुन्हा खाली येतात, आणि सगळी पूड नीट घुसळून निघते. त्यामुळे थोड्या कमी पुडीतही तितकीच दाट कॉफी होते. मात्र धार फार बारीक नको आणि फार उंचावरून नको, नाहीतर ती तुटून तिचे थेंब होतात आणि घुसळण मंदावते.

हे तुम्हाला घरी पाहता येईल. कॉफी नको, गरम पाणी तर नकोच. तुमची कॉफी म्हणजे आईनं जायफळ घालून केलेली दुधाळ कॉफी, तीही कधीमधीच बरी. काचेच्या उभ्या बरणीत तळाशी चार बोटं धुतलेली वाळू घाला, वर बोटभर साधं पाणी. आता चोचीच्या भांड्यानं एका जागी सावकाश धार सोडा. आधी पाण्याला टेकून, मग वीतभर उंचीवरून, मग हात वर नेत नेत. दर वेळी वाळूतला खड्डा किती खोल जातो, ते बरणीच्या बाजूनं बघा आणि पट्टीनं मोजून वहीत लिहून ठेवा. धार कुठल्या उंचीला तुटून थेंब पडायला लागतात, तेही टिपा. बरणी मोरीत ठेवून करा बरं का, पाणी उडणार हे नक्की!